‘उपाशी या’ म्हणजे उपास करून येऊ नका : न्यूक्लिअर मेडिसिनच्या तपासणीला आणि उपचाराला जाण्याआधी

आजी पावणेआठलाच हजर. लोकमान्यनगरहून नातवाच्या स्कूटरवर बसून आलेल्या, डोक्याला स्कार्फ, काखेत फाइल. त्या दिवशीच्या पेट-सीटीच्या, म्हणजे साखरेसारखं औषध टोचून गाठी शोधायच्या तपासणीच्या, यादीत पहिलं नाव त्यांचंच, आणि पहिला पेशंट वेळेआधी आला की आमचा अर्धा दिवस सुधारतो. बोटाला टोचून साखर पाहिली तर २३८. दोनशेच्या वर असली की आम्ही ही तपासणी करत नाही.

“आजी, काही खाल्लंत का?”

“छे गं. तूच ना फोनवर म्हणालीस, उपास करून या? वाटीभर खिचडी घेतली फक्त, साबुदाण्याची. कूटसुद्धा बेताचंच होतं.”

चूक माझीच. मराठी घरात ‘उपास’ म्हटलं की रात्रीच साबुदाणा भिजत पडतो, हे इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या मला कळायला हवं होतं. तेव्हापासून मी उपास, उपाशी, निर्जळी यातला एकही शब्द फोनवर वापरत नाही. “रात्री जेवल्यानंतर साध्या पाण्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही, चहा नाही, बडीशेप नाही, सुपारी नाही,” असं एका दमात सांगते आणि समोरच्याकडून वदवूनही घेते. आजींची तपासणी तीन दिवस पुढे गेली. त्यांच्या नावाने आलेला डोस शिशाच्या डब्यात पडल्या पडल्या विझला.

हे विझणं एकदा समजलं की आमच्या विभागाचे बाकीचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. मी इंदूरच्या एका मध्यम आकाराच्या ट्रस्टच्या रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनची टेक्नॉलॉजिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे चालू गोळी कधी थांबवायची, डोस किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. चिठ्ठी हातात पडल्यापासून घरी परतेपर्यंत काय काय करायचं, ते मात्र मी रोज दहा-बारा घरांना सांगते. तेच इथे लिहिते आहे.

औषध वाटेतच संपत असतं

एक्स-रे किंवा सीटीमध्ये मशीन किरण सोडतं आणि ते तुमच्यातून आरपार जातात. आमच्याकडे उलटं असतं. किंचित किरणोत्सारी औषध आधी शिरेतून देतात, ते शरीरात ठरलेल्या जागी जाऊन बसतं, आणि तिथून बाहेर पडणारे किरण गॅमा कॅमेरा नुसते टिपतो. कॅमेरा स्वतः काहीच सोडत नाही. त्यामुळे त्याच्याखाली अर्धा तास पडून राहिलात म्हणून किरण जास्त लागत नाहीत. जे काही लागायचे ते इंजेक्शनच्या मापात ठरून गेलेले असतात. आणि आम्हाला दिसतं ते अवयवाचं काम. हाड कुठे झिजलंय यापेक्षा ते कुठे स्वतःला दुरुस्त करत बसलंय, मूत्रपिंड केवढं आहे यापेक्षा ते गाळतंय किती, हे.

रोजच्या बहुतेक तपासण्या टेक्नेशियम-९९एम नावाच्या द्रव्यावर चालतात. दर ६ तासांनी ते निम्मं होतं. एवढं अल्पायुषी द्रव्य साठवून ठेवता येत नाही, म्हणून आम्ही त्याची आई ठेवतो : मोलिब्डेनम-९९, जे ६६ तासांनी निम्मं होतं. शिशाच्या जाड कवचातल्या या जनरेटरमधून रोज सकाळी सलाइन ओढून टेक्नेशियम काढून घ्यायचं. जगभर या प्रकाराला गाय दुहणं म्हणतात, आणि आमच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे ही औषधं तयार करायच्या खोलीतही, सकाळी पहिला प्रश्न असतो, “धार काढली का?” आठवड्याच्या सुरुवातीला जनरेटर ताजा असतो, सात दिवसांनी मोलिब्डेनम जेमतेम सहाव्या हिश्शाइतकं उरतं, म्हणजे गाय आटत आलेली. शुक्रवारी-शनिवारी आम्ही तपासण्या कमी घेतो आणि “सोमवारीच या” म्हणून हट्ट धरतो, त्यामागे हे कारण आहे.

पेट-सीटीचं औषध, एफडीजी, त्याहून उतावळं. त्यातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. ते सायक्लोट्रॉन नावाच्या, कणांना वेग देणाऱ्या मोठ्या यंत्रात बनतं, आणि सायक्लोट्रॉन प्रत्येक रुग्णालयाच्या दारात नसतो. पहाटे ५ ला निघालेला डोस ८ वाजून ४० मिनिटांनी चौथाई उरलेला असतो. तो किती वाजता कुणाला टोचायचा, हा हिशोब आदल्या संध्याकाळीच झालेला असतो. म्हणून तुम्ही तासभर उशिरा आलात तर नुसता तुमचा नंबर मागे जात नाही. तुमचं औषध कमी झालेलं असतं, आणि तुमच्यामागे बसलेल्या माणसाचंही. यायचं जमत नसेल तर आदल्या दुपारपर्यंत कळवा. आणि आमच्याकडून सकाळी सहाला “आज डोस येत नाहीये” असा फोन आला तर तो बहाणा समजू नका. सायक्लोट्रॉन अडला, गाडी अडकली, विमान चुकलं, यातलं काहीही झालं तरी उद्याचा डोस उद्याच बनवावा लागतो.

फोन उचलण्याआधी चिठ्ठी वाचा

आपल्याकडे सगळ्याला ‘स्कॅन’ म्हणतात, आणि इंदूरात त्यात आणखी एक गोंधळ. एका काकांना डॉक्टरांनी कॅट स्कॅन, म्हणजे सीटी, सांगितला. काका रिक्षा करून थेट कॅट रोडला, राजा रामण्णा केंद्राच्या गेटवर! त्या केंद्राला इंदूर अजून जुन्याच नावाने ‘कॅट’ म्हणतं. तिथे इंडस नावाचे सिंक्रोट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारी यंत्रं, आहेत, संशोधन चालतं. काकांचं पोट बघणारं तिथे कुणी नव्हतं.

तर चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते बघा. बोन स्कॅन (हाडं), थायरॉइड स्कॅन, डीटीपीए किंवा ईसी रीनल स्कॅन आणि डीएमएसए (मूत्रपिंड), हायडा (यकृत आणि पित्तमार्ग), स्ट्रेस थॅलियम किंवा मिबी (हृदय), या सगळ्या गॅमा कॅमेऱ्याच्या तपासण्या. पेट-सीटीचं मशीन निराळं, आणि ज्या रुग्णालयात गॅमा कॅमेरा आहे तिथे पेट असेलच असं नाही. चिठ्ठीवर आय-१३१ थेरपी किंवा रेडिओआयोडीन असेल तर ती तपासणी नाही, उपचार आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

फोनवर आधी विचारा की ही तपासणी तुमच्याच इथे होते ना, की नमुना घेऊन बाहेर पाठवल्यासारखं पेशंटलाच पुढे पाठवता. मग तारीख, रिपोर्ट किती दिवसांनी मिळेल, आणि पैशांचं. आयुष्मान कार्ड किंवा मेडिक्लेम असेल तर मंजुरी डोस मागवायच्या आधी हवी. डोस आल्यावर टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीच्या, मेलची वाट बघत बसलेले नातेवाईक आणि भिंतीवरचं घड्याळ, हे दृश्य मी पुष्कळदा बघते आणि दरवेळी पोटात कालवतं.

विभागाला अणुऊर्जा नियामक परिषदेचा, म्हणजे एईआरबीचा, परवाना आहे का, हेही खुशाल विचारा. परवान्यासाठी पात्र न्यूक्लिअर मेडिसिन डॉक्टर, टेक्नॉलॉजिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर लागतात. या प्रश्नाचा राग आला तर तो विभागाचा दोष.

जुनी कागदपत्रं आणताना बहुतेक जण गेल्या महिन्याची रक्ततपासणी आणतात आणि दोन वर्षांपूर्वीची पेटची सीडी कपाटात ठेवून येतात. उलट करा. तुलना करायला जुनी सीडीच लागते. शिवाय एका चिठोऱ्यावर एवढं लिहून आणा : ऑपरेशन कोणतं आणि कधी, शेवटची केमो कधी, रेडिएशन कधी संपलं, अलीकडे कुठे पडलात का, दात काढलाय का, लस घेतलीत का. हसू नका. बोन स्कॅनमध्ये काढलेल्या दाताची जागा चमकते, न्हाणीघरात घसरून मोडलेली बरगडी कितीतरी महिने चमकते. लसीनंतर काखेतल्या गाठी पेटमध्ये उजळतात, आणि पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शननंतर सगळा अस्थिमज्जा उजळतो. आम्हाला कुणी सांगितलं नसेल तर डॉक्टर बुचकळ्यात पडतात आणि तुमच्या नशिबी आणखी एक तपासणी येते. केमोनंतर पेट करायचं असेल तर साधारण दोन-तीन आठवडे आणि रेडिएशननंतर दोन-तीन महिने जाऊ देतात; तारीख ठरवताना हे बोलून घ्या.

आदला दिवस

पेटसाठी आदल्या दिवशी जिम, जिने, घराची साफसफाई, सगळं बंद. दमलेला स्नायू साखर ओढतो आणि एफडीजी ही साखरेचीच सोंगाडी बहीण, त्यामुळे गाठीऐवजी मांड्याच उजळतात. रात्रीचं जेवण हलकं आणि कमी गोड; सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन जिलबी खायची ती रात्र नव्हे. तपासणीआधी ४ ते ६ तास पोट रिकामं हवं, पाणी मात्र भरपूर. साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी तपासणी पुढे ढकलतात. मधुमेही माणसाने सकाळची गोळी घ्यायची की नाही आणि इन्शुलिन किती तास आधी, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं. “साखर वाढू नये म्हणून” दारात येऊन इन्शुलिन घेणारे असतात. त्याने सगळं औषध स्नायूंमध्ये जातं आणि चित्र वाया जातं. मेटफॉर्मिनने आतडी उजळतात, म्हणून काही डॉक्टर ती दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. आपल्या मनाने थांबवू नका.

थंडीत स्वेटर घालून या, अगदी सकाळी ऊन असलं तरी. अंग कुडकुडलं की मानेभोवतीची तपकिरी चरबी ऊब तयार करायला साखर जाळते आणि गळ्याजवळ उगाचच ठिपके उमटतात.

हृदयाच्या मिबीचा नियम निराळा : २४ तास कॅफीन नाही. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आणि काही डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा. ताण देण्यासाठी जे औषध वापरतात त्याचा परिणाम कॅफीन अडवून धरतं. “अर्धाच कप घेतला, तोही पाणचट” हे वाक्य मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं. दम्यासाठी डेरिफायलिन चालू असेल तर फोनवरच सांगा, तेही कॅफीनच्याच जातीचं. बीपीच्या गोळ्यांचं कार्डिओलॉजिस्टना विचारा. गंमत अशी की इंजेक्शननंतर यकृतातलं औषध निघून जावं म्हणून आम्ही दूध किंवा काही तुपट-तेलकट खायला लावतो. डॉक्टरांच्या हुकमावरून कचोरी मिळणारा रुग्णालयातला हा एवढा एकच विभाग असावा.

बोन स्कॅनला तर उपाशी राहायचंच नाही. पोहे खा, वर शेव घाला, जिरावण मसाला भुरभुरवा आणि या. इंजेक्शननंतर साधारण तीन तास थांबायचं आणि तेवढ्यात लिटर-दीड लिटर पाणी प्यायचं. थायरॉइड स्कॅन इंजेक्शननंतर वीस मिनिटांत होतो, पण गेल्या एक-दोन महिन्यांत काँट्रास्ट, म्हणजे चित्र उठावदार करणारं आयोडीनचं औषध, देऊन सीटी झाला असेल तर सांगा. त्यातलं आयोडीन थायरॉइडला आधीच तृप्त करून ठेवतं. हायडाला चारेक तास उपाशी. बाळाच्या काविळीसाठी हायडा असेल तर काही दिवस आधीपासून औषध सुरू करावं लागतं, तेव्हा तारीख मिळताच डॉक्टरांना गाठा.

मुलांच्या मूत्रपिंडाच्या तपासणीत अडचण एकच : मूल हललं की चित्र फुकट. डीएमएसएला इंजेक्शन आणि चित्र यांत दोन-तीन तास जातात. त्या वेळात बाळाला खेळवा, जागं ठेवा आणि नेमकं आत जाताना दूध पाजून झोपवा. त्याची नेहमीची दुपटी-गोधडी घेऊन या, नवी नको. डीटीपीए किंवा ईसीमध्ये इंजेक्शन कॅमेऱ्याखालीच देतात आणि मग लघवीचं औषध, त्यामुळे दोन जोडी कपडे जास्तीचे.

एक प्रश्न, जो सासूबाईंसमोर विचारायचा नसतो

पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक बाईला आम्ही शेवटच्या पाळीची तारीख विचारतो. नवी सून सासूबाईंबरोबर आलेली असते. प्रश्न विचारला की ती त्यांच्याकडे बघते आणि उत्तर त्याच देतात : “नाही हो, तसं काही नाही.” मी सासूबाईंना काउंटरवर एक फॉर्म भरायला पाठवते. तो फॉर्म नंतरही भरता आला असता.

दिवस राहिले असतील, राहण्याची शक्यता असेल किंवा नुसती शंका असेल तरी सांगा. पाच मिनिटांची तपासणी होते, कुणाला कळत नाही. अंगावर पाजत असाल तर तेही सांगा. टेक्नेशियमनंतर काही तास दूध काढून टाकावं लागू शकतं, म्हणून आदल्या दिवशी थोडं दूध काढून साठवून ठेवलं की बाळाचे हाल होत नाहीत. उपचाराच्या आयोडीनचा नियम यापेक्षा फार कडक आहे.

विभागात पाऊल टाकल्यावर

दारावर किरणोत्साराचं तिपाती चिन्ह दिसेल. आत इंजेक्शनची खोली, पलीकडे हॉट वेटिंग, म्हणजे टोचून झालेल्यांची बसायची जागा, आणि त्यांचं वेगळं टॉयलेट. नातेवाइकांनी तिथे बसायचं नसतं. “मी शेजारी बसते, त्यांना करमत नाही,” म्हणणाऱ्या काकूंना मी बाहेर पाठवते तेव्हा मी खडूस वाटते, वाटू दे. लहान मुलं आणि गरोदर बायका तर बरोबर आणूच नका.

स्तनाचं ऑपरेशन झालं असेल तर त्या बाजूचा हात पुढे करू नका, दुसरा द्या. टोचताना जळजळलं किंवा फुगलं तर लगेच बोला. औषध शिरेबाहेर गेलं की चित्र बिघडतं. याला लोक ‘डाय’ म्हणतात, पण सीटीत देतात तो आयोडीनचा काँट्रास्ट हा नव्हे. याची मात्रा इतकी सूक्ष्म असते की अ‍ॅलर्जी फारच क्वचित. पेट-सीटीबरोबर काँट्रास्टही द्यायचा असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट मागतील, तो बरोबर असू द्या.

पेटच्या इंजेक्शननंतर तासभर मंद उजेडात गप्प पडायचं. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, च्युइंगम नाही. बोललात तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. इंदूरच्या माणसाला तासभर गप्प बसवणं हा या तपासणीतला सगळ्यात अवघड भाग आहे, असं माझं प्रामाणिक मत.

कॅमेऱ्याखाली जाण्याआधी लघवीला जाऊन या आणि हात धुवा. बोन स्कॅनचं औषध लघवीतूनच बाहेर पडतं. परकराच्या काठाला किंवा पायजम्याच्या नाडीला एक थेंब लागला तरी तो मांडीच्या हाडातल्या डागासारखा दिसतो. एकदा असा डाग पाहून डॉक्टर गंभीर झाले होते. मी त्या काकांना पायजमा बदलायला लावून पुन्हा चित्र घेतलं, डाग पायजम्याबरोबर गेला. किल्ल्या, नाणी, पट्टा, जाड बांगड्या काढून ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर सांगा, आपण ते बाजूला सरकवून घेऊ. कॅमेऱ्याची तबकडी चेहऱ्याच्या अगदी जवळ येते. डोळे आधीच मिटून घ्या आणि मिटलेलेच ठेवा, गुदमरल्यासारखं होत नाही.

किरण किती लागले, हा प्रश्न उठता उठता प्रत्येक जण विचारतो. जगात माणसाला माती, आकाश, अन्न यांतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेले किरण मोजायचं माप) मिळतातच. बोन स्कॅनचे साधारण ४. पेटमध्ये नुसत्या औषधाचे ७ च्या आसपास, वर सीटीचे वेगळे. दुखणं शोधायचं असेल तर हा सौदा वाईट नाही, पण “एकदा सगळंच बघून टाकू” म्हणून धडधाकट माणसाने करायची ही तपासणी नव्हे. तुम्हाला रोज टोचणाऱ्या आमच्या छातीवर बॅज असतो, तो तीन महिन्यांनी मोजायला जातो.

घरी गेल्यावर भरपूर पाणी प्या. त्या संध्याकाळपुरतं तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला जवळ घेऊ नका. एफडीजीचा दुसऱ्या सकाळी हजारावा हिस्साही उरत नाही. टेक्नेशियम चोवीस तासांत सोळावा हिस्सा होतं, आणि बरंचसं त्याआधीच लघवीतून गेलेलं असतं. वेगळी ताटं, वेगळी खोली यातलं काहीही तपासणीनंतर लागत नाही.

आयोडीन प्यायचं म्हणजे

उपचाराच्या बाजूला आमच्याकडे सर्वांत जास्त येतो तो आय-१३१. थायरॉइडला आयोडीनची भूक असते. तिला किरणोत्सारी आयोडीन खाऊ घातलं की ते नेमकं तिच्याच पेशींत जाऊन बसतं आणि आतून त्या जाळतं. बोस्टनला सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी १९४१ मध्ये पहिल्यांदा हे केलं, म्हणजे उपचार ऐंशी वर्षांहून जुना आहे. आपल्याकडे मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झालं. अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून तिथे जाऊन आलेली माणसं जुन्या इंदूरकर घरांत अजून भेटतात.

दोन प्रकारचे पेशंट येतात. थायरॉइड अति काम करतं त्यांना लहान डोस, साधारण १० ते १५ मिलिक्युरी (औषधातल्या किरणोत्साराचं माप). थायरॉइड आवरणारी कार्बिमाझोलसारखी गोळी काही दिवस आधी थांबवतात, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची, चावायची नाही, आणि थोड्या वेळाने घरी. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. काहींना दुसरा डोस लागतो. डोळे पुढे आलेले असतील तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण आयोडीनने ते दुखणं वाढू शकतं आणि सिगारेट ओढणाऱ्याचं जास्तच वाढतं.

दुसरे थायरॉइडच्या कर्करोगाचे, ऑपरेशन झालेले. त्यांचा डोस मोठा. साधारण ३० मिलिक्युरीच्या वर गेलं की आपल्या नियमांप्रमाणे आयसोलेशन वॉर्डात राहावं लागतं, आणि असे वॉर्ड थोडे, म्हणून रांग. या रांगेतच तयारीचा वेळ असतो. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची, गोळी तीन-चार आठवडे थांबवतात किंवा टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढवायचं इंजेक्शन देतात. गोळी थांबवल्यावर अंग जड होतं, थंडी वाजते, उगाच रडू येतं. घरच्यांनी हा आळस समजू नये.

आणि मग पथ्य. एक-दोन आठवडे आयोडीन अगदी कमी, म्हणजे उरलेल्या पेशी उपाशी राहून डोसवर तुटून पडतील. इंदूरात हे पथ्य पाळायचं म्हणजे परीक्षा आहे. खाण्याचं मीठ आयोडीनयुक्तच विकावं असा नियम देशभर २००६ पासून आहे, त्यामुळे बाहेरचं जे खारट ते सगळं वर्ज्य : शेव, कचोरी, चौकातले पोहे, ब्रेड, पापड, विकतचं लोणचं. दूध, दही, चक्का नाही. अंड्याचा बलक नाही, मासे नाहीत. लालभडक रंगाच्या गोळ्या-मिठाया नाहीत, त्या रंगात आयोडीन असू शकतं. घसा धुवायला किंवा जखमेवर बीटाडीन नाही. आमच्या दिल्लीकर आहारतज्ज्ञ बाईंनी एका मुलाला सांगितलं, “आईला शिकंजी दे, बरं वाटेल.” त्यांच्या मनात लिंबू-पाणी होतं. मुलाने सराफ्यातून इंदुरी शिकंजी आणली, दाट आटीव दुधाची, वर सुका मेवा घातलेली. आईने दोन घोट घेतल्यावर माझं लक्ष गेलं.

मग खायचं काय? भात, डाळ, पोळी, भाकरी, भाज्या, फळं, साखर, तेल, बिनदुधाचा चहा. सगळं घरी केलेलं आणि मीठ सैंधव. हो, तेच उपासाचं मीठ. फोनवर मी ‘उपास’ हा शब्द टाळते खरी, पण हे पथ्य समजावताना तोच कामी येतो : “काकू, तुमच्या उपासाच्या मिठात सगळा स्वयंपाक करा.” लगेच समजतं. मात्र पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं नाही ना ते बघून घ्या, हल्ली सैंधवातही घातलेलं मिळतं. आणि ‘उपासाचं मीठ’ ऐकून पुन्हा दह्यातली खिचडी करू नका.

वॉर्डात दोन-तीन दिवस एकट्याने काढायचे असतात. जेवण दाराशी ठेवतात, बोलणं इंटरकॉमवर. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वापरा. नेहमीची जपमाळ, आवडती शाल, कोऱ्या करकरीत पुस्तकांची चळत आणू नका. घामाचा हात लागलेली वस्तू किरण मोजायच्या मीटरवर बोलली तर ती आमच्याकडे काही आठवडे राहते. जुने कपडे आणि दहा रुपयांची माळ आणा. पाणी सतत प्या, दर दोन तासांनी लघवीला जा, रोज दोनदा आंघोळ. तिथलं सांडपाणी वेगळ्या टाकीत साठवून, किरणोत्सार उतरल्यावरच पुढे सोडतात. लिंबाची फोड चोखायला कधी सुरुवात करायची ते नर्स सांगेल. सुटी मिळण्याआधी मीटरने मोजतात, आणि काही दिवसांनी सगळ्या अंगाचा स्कॅन होतो.

घरी आल्यावरचे दिवस चिठ्ठीवर तारखेनिशी लिहून मागा. “थोडे दिवस जपा” हे उत्तर घेऊन उठू नका. लहान डोसनंतरही साधारण एक-दोन आठवडे मुलांना मांडीवर घेणं नाही, वेगळं अंथरूण, गरोदर बाईपासून लांब. एकच संडास असलेल्या वाड्यातही हे निभतं : पुरुषांनीही बसून लघवी करायची, दोनदा फ्लश, साबणाने हात. ताटवाटी घासली की झालं, फेकायची गरज नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर मात्र पहिले काही दिवस कचरागाडीत टाकू नका, आमच्या सेफ्टी ऑफिसरला विचारा. ओला, सुका, सॅनिटरी वेगळा करणाऱ्या शहराला एवढं जड नाही. विमानतळावर मशीन वाजू शकतं, म्हणून रुग्णालयाचं पत्र खिशात ठेवा.

बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने आय-१३१ घ्यायच्या निदान सहा आठवडे आधी पाजणं बंद करायचं असतं, आणि त्या बाळाला पुन्हा सुरू करायचं नसतं. त्यानंतर किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. पुरुषांनीही साधारण चार महिने थांबावं.

ल्युटेशियम-१७७ या दुसऱ्या किरणोत्सारी औषधाचं नाव आता आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवरही दिसतं, प्रोस्टेटच्या आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पसरलेल्या कर्करोगासाठी. सलाइनमधून, सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने काही फेऱ्या. त्याआधी एफडीजीऐवजी गॅलियम-६८ टोचून पेट करून गाठी हे औषध पकडतात की नाही ते बघतात. ती पेट उजळली नाही तर ल्युटेशियमवर पैसे घालू नका, कुणी कितीही आशा दाखवली तरी.

पुन्हा आयोडीनकडे : लहान डोसवाल्यांनी चार ते सहा आठवड्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी करायची असते. नुसता टीएसएच नव्हे, टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) सुद्धा, कारण टीएसएच कित्येक महिने खालीच अडकून राहतं आणि फसवतं. बहुतेकांना पुढे थायरॉक्सिन कायमचं लागतं. ती गोळी सकाळी उठल्याबरोबर पाण्याशी, आणि चहा-पोहे त्यानंतर अर्ध्या तासाने.